गाडी कधी घ्यावी?

२०२५ साली आपली चवथ २७ ऑगस्टला होती आणि घटस्थापना २२ सप्टेंबरला. मधले दिवस सव्वीस. या सव्वीस दिवसांच्या आत गोव्यात ज्यांनी हौसेने नवी गाडी घेतली, ती अंगणात आणून उभी केली, हार घातला, नारळ फोडला, त्यांना ते वर्ष बरेच दिवस आठवणार आहे. १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून करकपातीचे सूतोवाच केले होते, पण नेमके काय आणि किती ते कोणालाच ठाऊक नव्हते. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने निर्णय घेतला आणि घटस्थापनेच्या दिवसापासून छोट्या पेट्रोल गाडीवरचा कर उपकरासह २९ टक्के होता तो १८ वर आला. करापूर्वी सहा लाख किंमत असलेल्या गाडीमागे हा फरक सरळ ६६ हजार रुपयांचा होतो. गाडी जागची हललीसुद्धा नव्हती. टायर झिजले नाहीत, रंग उडाला नाही, काही काही झाले नाही. तरी तिची किंमत उतरली, कारण शेजारच्याला तीच गाडी आता तेवढ्या कमी पैशात मिळू लागली.

मला गाड्यांतले फारसे कळत नाही. कारकुनी करणाऱ्याला फायलीवरची तारीख मात्र नीट वाचता येते, आणि या प्रश्नात तारखेलाच जास्त महत्त्व आहे असे मला वाटते. हे सगळे डोक्यात येण्याचे कारण म्हणजे पेडण्याच्या एका मित्राचा मुलगा. शिकलेला, बाहेर चांगल्या पगारावर असलेला मुलगा. त्याने विचारले, "काका, एक जुनी हायब्रिड स्पोर्ट्स कार नजरेत आहे. दरवर्षी भाव पडतोय. आणखी किती पडेपर्यंत थांबू?" मी त्याला म्हटले, बाबा, हे तू एखाद्या मेकॅनिकला विचार. पण प्रश्न डोक्यातून जाईना. पडत्या किमतीची वस्तू कधी घ्यावी, हा काही त्याचा एकट्याचा प्रश्न नाही. आपल्या गोव्यात, त्यातही डिचोली आणि पेडणे या दोन तालुक्यांत, हजारो घरांनी तो गेल्या पन्नास-साठ वर्षांत स्वतःला विचारला आहे. फक्त त्यांच्या नजरेत स्पोर्ट्स कार नव्हती. कधी स्कूटर होती, कधी मारुती, कधी टिपर, आणि आता टॅक्सी.

किंमत उतरते म्हणजे काय होते ते आधी पाहू. हिशेबनीस त्याला घसारा म्हणतात. विमा कंपन्यांचे गणित ठरलेले आहे. नवी गाडी शोरूमच्या बाहेर पडली की सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षभरापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४०, आणि पाच वर्षे भरता भरता निम्मी किंमत गेलेली. आयकर खाते वेगळ्या हिशेबाने चालते. साध्या मोटारीला सालाला १५ टक्के, भाड्याने चालणाऱ्या ट्रकला आणि टॅक्सीला ३० टक्के. म्हणजे पोटासाठी चालणारी गाडी दुप्पट वेगाने म्हातारी होते हे सरकारलाही मान्य आहे. पण ही सगळी कोष्टके असे गृहीत धरतात की बाहेरचे जग शांत आहे. आमच्याकडे ते कधी शांत नव्हते.

थोडे मागे जाऊ. भारत सरकारने १९५० च्या दशकाच्या मध्यावर गोव्याची आर्थिक कोंडी केली, रेल्वे तुटली, हद्दीवरून माल येणे थांबले. कोंडीने गोवा उपाशी पडेल असा दिल्लीचा अंदाज होता. पडला नाही, कारण डिचोली, सत्तरी, सांगे या पट्ट्यातून लोहखनिज भरभरून जपानला आणि युरोपला जाऊ लागले होते आणि त्या पैशावर बोटीतून विलायती माल उतरत होता. घड्याळे, रेडिओ, नायलॉनच्या साड्या, आणि मोटारी. ओपेल, फोर्ड, ऑस्टिन, फोक्सवॅगन, मर्सिडीज. ज्या मोटारी मुंबईच्या शेठजींना पैसे मोजूनही मिळत नव्हत्या त्या मडगावच्या आणि पणजीच्या रस्त्यांवर दिसत. त्यांच्यासाठी रस्ते किती होते हा भाग वेगळा. पेडण्याहून म्हापशाला जायचे तर मध्ये शापोरा नदी, पणजी गाठायची तर पुढे मांडवी. मांडवीवरचा पूल झाला १९७० साली, आणि तोही ५ जुलै १९८६ रोजी कोसळून पाण्यात गेला. त्यामुळे मोटारवाल्या भाटकारालाही कुळाच्या शेजारी फेरीबोटीत उभे राहावे लागे. (एक गंमत जाता जाता. खुद्द पोर्तुगालने १९२८ साली वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली, पण गोव्यात ती डावीकडूनच चालत राहिली. शेजारी ब्रिटिश हिंदुस्थान होता, करणार काय!)

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि या मोटारींचे नशीब एका रात्रीत बदलले. एस्कुद जाऊन रुपया आला, पोर्तुगीज कस्टम जाऊन भारताचे कस्टम आले, आणि भारतात तेव्हा परदेशी मोटारीला दरवाजा जवळजवळ बंद होता. नवी येणार नाही म्हटल्यावर जुनीचा मान वाढला. घसाऱ्याचे कोष्टक उलटे चालू लागले. मुक्तीनंतर कितीतरी वर्षे आमच्याकडे जुन्या मर्सिडीज टॅक्सी म्हणून धावत होत्या. बाहेरून येणारे पाहुणे चकित होत, की या लोकांची ऐपत केवढी! ऐपत कसली, त्या गाड्या बदलायला दुसरे काही मिळत नव्हते. सुटे भाग मिळत नसत, मग म्हापशाचे मेस्त घरी लेथवर भाग करून बसवत. त्या पिढीच्या मेस्तांचे ऋण कोणी लिहून ठेवले नाही. ठेवायला हवे होते.

त्यानंतरचा काळ हा रांगेचा. आजच्या मुलांना खरे वाटत नाही, पण या देशात मोटार विकण्यावर सरकारचे नियंत्रण होते. १९५९ चा मोटार वितरण आणि विक्री नियंत्रण आदेश, १९६० चा स्कूटरसाठी तसाच आदेश. किंमत सरकार ठरवणार, कोणाला आधी द्यायची तेही ठरणार, आणि घेतलेली गाडी परवानगीशिवाय लगेच विकता येणार नाही. का, तर विकली असती तर नफा झाला असता! कुर्ल्याला तयार होणारी फियाट घ्यायची म्हणजे वर्षानुवर्षे थांबायचे. ज्याच्या नावावर नंबर लागला त्याला गाडी मिळाल्या दिवशीच बाजारात तिचे जास्त पैसे येत. मोटारींच्या किमतीवरचे नियंत्रण १९७५ साली उठले तरी रांग काही उठली नाही. स्कूटरची तर त्याहून तऱ्हा. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची चेतक १९७२ पासून तयार होऊ लागली, आणि तिच्यासाठी दहा दहा वर्षे लोक थांबले. मुलगा पाचवीत असताना नोंदवलेली स्कूटर तो कॉलेजात जाताना घरी आली अशा गोष्टी तेव्हा थट्टा म्हणून सांगत नसत. परकी चलन भरले तर मात्र स्कूटर लवकर मिळे. इथे आमच्या गोंयकारांचे फावले. कोणाचा भाऊ आखातात, कोणाचा मेहुणा बोटीवर. तो तिकडून डॉलर पाठवी आणि इकडे 'जीडी' अक्षरांच्या पाटीची नवी चेतक तिठ्यावर फिरू लागे. (जीडी म्हणजे गोवा, दमण, दीव. 'जीए' पुढे आले, घटक राज्य झाल्यानंतर.)

त्या काळात "कधी घ्यावी" हा प्रश्नच नव्हता. नंबर लागेल तेव्हा घ्यावी. थांबण्यात शहाणपण नव्हते, कारण थांबून काही स्वस्त होत नव्हते. आमच्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला गाडीत पैसे 'घातले' असे म्हणायची सवय लागली ती यामुळेच. सोन्यात घालावे, जमिनीत घालावे, तसे गाडीत. पुढे काळ बदलला, सवय राहिली, आणि त्या सवयीची किंमत पुढच्या पिढीने मोजली.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिली गेली. किंमत ४७ हजार ५०० रुपये. बुकिंगसाठी दहा हजार भरायचे, तरी लाखाच्या वर लोकांनी भरले. सुरुवातीची वर्षे तिच्यावरही वरचे पैसे द्यावे लागत. पण नव्वदीनंतर परवाने गेले, बँका कर्ज देऊ लागल्या, परदेशी कंपन्या आल्या, १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली, आणि मग एक दिवस लोकांच्या लक्षात आले की आपल्या पाच वर्षांच्या गाडीला कोणी विचारत नाही. घसारा हा शब्द गोव्यातल्या सामान्य घरात शिरला तो तेव्हा. मला स्वतःला हा बदल सर्वांत स्पष्ट दिसला तो सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीच्या वेळी. कचेरीच्या मागच्या मोकळ्या जागेत स्कूटर कमी होत गेल्या आणि चारचाकी वाढल्या. सगळ्यांनी एकाच सुमारास घेतल्या आणि पाच-सहा वर्षांनी सगळे एकाच सुमारास विकायला निघाले. आता ज्या बाजारात सगळे विकणारेच, तिथे भाव कसला येणार?

पण खरी कथा कचेरीच्या मागे घडली नाही. ती घडली डिचोलीच्या लाल रस्त्यांवर. या विषयावर लिहायचे म्हणजे टिपरवर लिहायला हवे, बाकी सगळे प्रास्ताविक.

खाणीचे काम थोडक्यात असे. डोंगरातून खनिज काढायचे, ते ट्रकने नदीकाठच्या जेटीवर आणायचे, तिथून बार्जने मांडवीतून मुरगावला जहाजावर. खाणी मोठ्या कंपन्यांच्या, बार्जी पैसेवाल्यांच्या, पण डोंगर ते जेटी हा मधला काही किलोमीटरचा तुकडा गावकऱ्यांचा होता. शिरगाव, मये, लामगाव, बोर्डे, पिळगाव, सुर्ला, पाळी, वेळगे, न्हावेली, या गावांतल्या माणसाने कर्ज काढून ट्रक घ्यायचा, कंपनीत लावायचा, आणि टनामागे ठरलेल्या दराने पैसे मिळवायचे. जितक्या ट्रीप मारल्या तितके पैसे. मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसात खाण बंद, बँकेचा हप्ता मात्र चालू.

या व्यवस्थेतला एक धागा मला नेहमी अस्वस्थ करतो. खाणीच्या चिखलाने खालची शेते बुजली, विहिरींचे पाणी उतरले, धुळीने बागायत मारली. शिरगावच्या विहिरींचे प्रकरण तर न्यायालयापर्यंत गेले. ज्याचे शेत गेले त्याला जगण्यासाठी काहीतरी हवे होते, आणि त्याला मिळाले काय तर ट्रक. म्हणजे ज्या मातीने शेत खाल्ले तीच माती वाहून पोट भरायचे. शेत दरवर्षी नवे पीक देते. ट्रक दरवर्षी ३० टक्के उतरतो. ही अदलाबदल किती महागात पडणार हे त्या वेळी कोणी मांडून दाखवले नाही, आणि दाखवले असते तरी त्या माणसापुढे दुसरा मार्ग कोणता होता?

२००० पर्यंत हे सगळे एका चालीने होते. मग चीन आला. तिथे पोलाद कारखान्यांची भूक एवढी वाढली की ज्या कमी प्रतीच्या मातीला जपान विचारत नव्हता, जी खाणीशेजारी टाकाऊ म्हणून डोंगरासारखी रचून ठेवलेली होती, तिलाही गिऱ्हाईक मिळाले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या आधी भाव आभाळाला भिडले, त्याच साली वर्षअखेरीस कोसळले, आणि पुन्हा २०१०-११ ला वर चढले. त्या एका वर्षात गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज बाहेर गेले. एवढे डोंगर वाहायला ट्रक किती लागले असतील याची कल्पना करा. डिचोली, उसगाव, कुडचडे इथल्या रस्त्यांवर ट्रकला ट्रक लागून रांगा. शाळेच्या मुलांना रस्ता ओलांडता येत नव्हता. अपघात झाले, माणसे मेली, मोर्चे निघाले, आणि तरी प्रत्येक वाड्यावर नवा टिपर येतच राहिला.

आता 'कधी घ्यावी' हा प्रश्न इथे लावून पाहा. २००४-०५ ला ज्याने टिपर घेतला त्याचे कर्ज २००९ च्या सुमारास फिटले. पुढची तीन वर्षे जे आले ते निव्वळ. त्याने घर बांधले, मुलीचे लग्न केले, बरेचदा दुसरा ट्रक घेतला. शेजारी हे बघत होता. त्याच्यापाशी पैसे नव्हते, धीर नव्हता, म्हणून तो थांबला होता. २०१० ला त्याला वाटले की आपण उगाच थांबलो. २०११ ला त्याने बायकोचे सोने ठेवले, नातलग जामीन राहिला, आणि टिपर दारात आला. सगळा पुरावा त्याच्या बाजूने होता. भाव चढलेले, बँक हसतमुख, डीलर घरी येऊन कागद भरून देणारा. आजही मी विचार करतो की त्याच्या जागी असतो तर मी काय केले असते. तेच केले असते.

७ सप्टेंबर २०१२ ला न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल संसदेत आला. १० सप्टेंबरला राज्य सरकारने खाणी स्थगित केल्या. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम आणि वाहतूक थांबवली. नेमका मोसम सुरू होण्याच्या तोंडावर. पावसाळ्यात रंगरंगोटी, इंजिनाचे काम, नवे टायर असा खर्च करून ट्रक तयार ठेवलेले होते. ते तसेच अंगणात, रस्त्याच्या कडेला, माळावर उभे राहिले. पुढच्या पावसात त्यांच्यावर वेली चढल्या. डिचोली ते साखळी रस्त्याने जाताना त्या दिवसांत दोन्ही बाजूंना जे दिसे ते विसरता येत नाही.

विकावा म्हटला तर घेणार कोण? सगळ्या तालुक्याचे एकाच वेळी विकायला काढलेले. शिवाय खनिज वाहिलेला टिपर म्हणजे जड माल वाहून सांगाडा थकलेला, हौदा गंजलेला. दुसऱ्या राज्यातले दलाल आले आणि पाडून मागू लागले. ज्या ट्रकवर सात-आठ लाख कर्ज बाकी त्याला बाजार त्याहून कितीतरी कमी देत होता. म्हणजे ट्रक विकूनही माणूस कर्जात. सरकारने मदत दिली, कर्जफेडीसाठी सवलतीची योजना काढली, काहींना तिचा उपयोग झाला. पुढे २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घालून वाट मोकळी केली, ८८ लीजांचे नूतनीकरण झाले, ट्रक पुन्हा धुऊन पुसून बाहेर निघाले. काहींनी परत कर्ज काढून दुरुस्त्या केल्या. ७ फेब्रुवारी २०१८ ला न्यायालयाने ते नूतनीकरणच रद्द केले आणि १६ मार्चपासून खाणी दुसऱ्यांदा बंद. ज्याला पहिला फटका बसला होता त्यालाच बहुतेक दुसराही बसला.

या सगळ्यात एक व्यवहार लक्षात ठेवण्यासारखा आहे. जून २००९ मध्ये धेंपे उद्योगसमूहाने आपला खाण व्यवसाय सेसा गोवाला विकला, सुमारे १,७५० कोटी रुपयांना. म्हणजे बंदीच्या तीन वर्षे आधी. त्यांच्या मनात काय होते ते त्यांचे त्यांना ठाऊक, आणि पुढचे कोणाला दिसले होते असा माझा दावा नाही. पण वाड्यावरचा माणूस तेव्हा घेत होता आणि वरच्या थरात एक जुने घराणे विकत होते हे तारखांत दिसते. गंमत म्हणजे ही बातमी गावात सगळ्यांनी वाचली होती. तिचा अर्थ मात्र सगळ्यांनी असा लावला की एवढी मोठी कंपनी एवढे पैसे घालते आहे, तर धंद्याला मरण नाही!

आता त्या स्पोर्ट्स कारकडे वळतो, नाहीतर पेडण्याचा तो मुलगा म्हणेल काकांनी टाळले. हायब्रिड म्हणजे पेट्रोल इंजिनही आणि विजेची मोटरही. या जातीची स्पोर्ट्स कार आपल्या मराठी माणसांनी पहिल्यांदा नीट पाहिली ती फेब्रुवारी २०१५ मध्ये, जेव्हा सचिन तेंडुलकरच्या हस्ते बीएमडब्ल्यू आय-८ भारतात दाखल झाली. किंमत २ कोटी २९ लाख. इंजिन फक्त दीड लिटरचे, तीन सिलिंडरचे, बाकी जोर बॅटरीचा. दारे पंखांसारखी वर उघडणारी. या किमतीत गाडी किती आणि सरकार किती हे पाहण्यासारखे आहे, कारण तयार आयात होणाऱ्या महाग गाडीवर तेव्हा सीमाशुल्कच शंभर टक्के होते. सचिनला फेरारी भेट मिळाली होती तेव्हाचे प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. भेट फुकट, आणि शुल्क कोटीच्या वर! ते माफ करावे की नाही यावर देशभर वाद झाला आणि अखेर कंपनीने भरले. अशा गाडीचा दुसरा मालक पहिल्या मालकाने भरलेले शुल्क परत देत नाही. पहिल्या वर्षातली मोठी घसरण त्यातून येते. आय-८ चे उत्पादन २०२० मध्ये थांबले, जगभरात वीस हजारांच्या वर गाड्या निघाल्या होत्या. पुढे नव्या विजेच्या गाड्या तिच्याहून वेगवान निघाल्या, आणि बॅटरी जशी म्हातारी होते तसा जुन्या हायब्रिडचा प्रत्येक पुढचा गिऱ्हाईक जास्त घाबरतो. साध्या गाडीत इंजिन उघडून म्हापशाच्या मेस्ताला दाखवता येते. बॅटरीत काय शिल्लक आहे ते कंपनीच्या संगणकालाच ठाऊक.

तेव्हा थांबावे का? माझ्या मते अशी गाडी घेणाऱ्याने मीटरवरच्या किलोमीटरइतकेच दिल्लीकडे पाहावे. मोठ्या हायब्रिडवरचा कर सप्टेंबर २०२५ मध्ये ४३ वरून ४० झाला, छोट्या गाडीच्या मानाने अगदीच किरकोळ कपात. पण त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रिटनशी जो व्यापार करार झाला त्यात तिथून येणाऱ्या गाड्यांवरचे शंभराच्या वरचे शुल्क, ठरावीक कोट्यापुरते, टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत आणायचे ठरले. नवी विलायती गाडी जसजशी स्वस्त होईल तसतशी जुनीची किंमत आणखी ढासळेल. १९६१ ला जे झाले त्याच्या बरोबर उलटे. तेव्हा दरवाजा बंद झाल्याने जुनी गाडी सोन्याची झाली, आता दरवाजा किलकिला होतो आहे. हौसेसाठी घ्यायची असेल तर मुलाने खुशाल घ्यावी, पगार आहे, वय आहे. पुढे विकून पैसे सोडवू असा हिशेब मात्र मनातून काढून टाकावा. आणि घेण्यापूर्वी पेडण्याच्या आतल्या रस्त्यांवर आषाढात एक फेरी मारावी. जमिनीपासून चार बोटांवर असलेली गाडी तिथे किती पुढे जाते ते कळेल.

मला काळजी आहे ती त्याच पेडण्यातल्या दुसऱ्या मुलांची. मोपाचा विमानतळ डिसेंबर २०२२ मध्ये उघडला, ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. ज्यांच्या जमिनी गेल्या, काजूचे डोंगर गेले, त्यांच्या मुलांपुढे पुन्हा तेच आले. 'जीए-११' पाटीची टॅक्सी घ्या. विमानतळावर काउंटर मिळावा म्हणून पेडण्याच्या टॅक्सीवाल्यांना आंदोलने करावी लागली. मांद्रे, मोरजी, हरमल इथे हिवाळ्यात पर्यटक, पावसात शुकशुकाट. हप्ता बारा महिने. जमीन जाते आणि तिच्या जागी ३० टक्क्यांनी उतरणारी वस्तू येते, हे डिचोलीत घडलेले चित्र मला इथे परत दिसते. फरक एवढाच की टॅक्सी दुसऱ्या गावात नेऊन चालवता येते, टिपर तसा येत नव्हता. हा फरक लहान नाही, म्हणून मी डिचोलीसारखेच होईल असे म्हणत नाही. पण विमानतळाने घोषित केलेले प्रवाशांचे आकडे पाहून कर्जावर दुसरी आणि तिसरी टॅक्सी घेणारे आहेत, आणि त्यांना २०११ चा टिपरवाला भेटवून द्यावा असे वाटते. तो काही फार लांब राहत नाही.

डिचोलीत चाके पुन्हा फिरू लागली आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये खाणपट्ट्यांचे लिलाव झाले, डिचोलीचा पहिला पट्टा वेदांताकडे गेला आणि २०२४ मध्ये तिथे काम सुरू झाले. गावच्याच लोकांचे ट्रक घ्या ही मागणीही पुन्हा सुरू झाली आहे. ती रास्त आहे. पण २०१० साली घेतलेला टिपर आता पंधरा वर्षांचा झाला. पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्या १ एप्रिल २०२३ पासून मोडीत निघतात. खाजगी ट्रकला तशी सक्ती नाही, पण त्याच्या फिटनेसचे शुल्क २०२२ पासूनच बरेच वाढवून ठेवले आहे. म्हणजे खाणीत ट्रक लावायचा तर बहुतेकांना नवाच घ्यावा लागणार. नव्या टिपरची किंमत आता वीस वर्षांपूर्वीच्या कितीतरी पट आहे, पट्टे लिलावाने दिलेले आहेत, आणि दर ठरवण्याच्या बैठका अजून व्हायच्या असतात तोवर डीलरचा माणूस गावात येऊन गेलेला असतो.